एकच नग पाहिजे

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

आपल्याकडचे मिस्त्री आजही 'सूत' या मापात बोलतात. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत, तीन मिलिमीटरहून थोडे जास्त. फळी दोन सूत तासा, नळी चार सुती आणा, असे आपण रोज ऐकतो. सुतार हा शब्दसुद्धा सूत्रधारावरून आलेला. दोरी धरून रेघ मारणारा तो सूत्रधार, आणि झाडीपट्टीच्या रंगमंचावर उभा राहतो तो त्याचाच भाऊबंद. घर, बैलगाडी, वखर यांचे काम सुतावर भागते. पण एखाद्या यंत्राच्या पोटातला बोटाएवढा तुकडा तुटला, की तिथे सूत फार मोठे पडते. तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची भाषा सुरू होते.

आज मला त्या भाषेविषयी बोलायचे आहे. सौंदडला आमच्या घराच्या पडवीत एक लहानशी, संगणकावर चालणारी मिलिंग मशीन आहे. तिला सीएनसी म्हणतात. मशीन माझी नव्हे, भाच्याची. तो आयटीआयला मशिनिस्टचा कोर्स करून पुण्याकडे गेला होता आणि काही वर्षांनी परत आला. कवी माणसाने या लोखंडी भानगडीत का पडावे, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण माझे मराठी टाइपरायटर. ते पुढे येईलच.

आधी एक फरक सांगतो, कारण बरेच लोक इथे गोंधळतात. लेथवर जॉब, म्हणजे ज्याच्यावर काम करायचे ती वस्तू, फिरते आणि हत्यार स्थिर असते. म्हणून तिथे गोल वस्तू होतात: बुश, शाफ्ट, पिन. मिलिंगमध्ये जॉब पक्का बांधलेला असतो आणि कटर फिरतो. खाच, चौकोनी खळगा, वेड्यावाकड्या कडेची पट्टी ही मिलिंगची कामे. लेथ आपल्याकडे मोठ्या रस्त्यावरच्या गावांत सापडते. मिलिंगवर एकच नग करून देणारा शोधायचा, तर नागपूर गाठावे लागते. शंभराहून अधिक किलोमीटर जाऊनही उत्तर मिळते, "एका नगासाठी मशीन कोण लावणार?" त्यांचेही चूक नाही. मशीन लावायला जो वेळ लागतो, तो शंभर नगांवर वाटला तर परवडतो.

सीएनसीचा जन्म मात्र अशा एकेका अवघड नगाच्या गरजेतूनच झाला. अमेरिकेत मिशिगन राज्यातले जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरची पाती तयार करीत. पात्याची कड नीट वळावी म्हणून त्यांनी छिद्रांच्या कार्डांवर चालणाऱ्या गणनयंत्राकडून कडेवरच्या बिंदूंचे आकडे काढून घेतले. मग त्या आकड्यांनीच यंत्र का चालवू नये, असा विचार पुढे आला. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेत १९५२ साली आकड्यांवर चालणारी मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आली. छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून ती हुकूम घेई. असा खर्च विमानांच्या कारखान्यांनाच पेलणारा होता.

त्याच एमआयटीचा एक धागा बरोबर पन्नास वर्षांनी आपल्या महाराष्ट्रातल्या एका खेड्यापर्यंत आला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकायचे, आणि गावाला जे लागते ते करून शिकायचे, ही त्यांची रीत. एमआयटीचे नील गर्शनफेल्ड यांच्या गटाच्या साहाय्याने २००२ साली तिथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. संगणकाने कापणारी, कोरणारी लहान यंत्रे खेड्यातल्या मुलांच्या हाती आली, आणि दुधाची तपासणी, डिझेल इंजिनची नीट जुळवणी असे प्रश्न त्यांच्यापुढे ठेवले गेले. कलबाग २००३ साली गेले. मोठी यंत्रे आणणारे पुष्कळ असतात, पण खेड्यातल्या मुलाला आधी प्रश्न विचारू द्यावा असे वाटणारे थोडे, म्हणून मला त्यांचे मोल अधिक वाटते.

पुढे हे सारे स्वस्त होत गेले. इटलीत २००५ साली आर्डुइनो नावाचा लहानसा नियंत्रक पट निघाला. नॉर्वेच्या एका तरुणाने २००९ साली त्यावर चालणारा जीआरबीएल हा प्रोग्रॅम लिहिला आणि तो सर्वांना खुला ठेवला. आज पडवीतली मशीन साधारण एका चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळते.

तिची कामाची जागा वर्तमानपत्राच्या पाव पानाएवढी. तीन दिशांना तीन मोटारी. या मोटारी पावलापावलाने फिरतात, एका फेरीला दोनशे पावले. स्क्रू एका फेरीत चार मिलिमीटर सरकत असेल, तर एक पाऊल म्हणजे ०.०२ मिलिमीटर. डोक्याचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. हुकूम द्यायची भाषा अशी: जी १, एक्स २०, वाय ५, एफ १००. म्हणजे कापत कापत अमुक ठिकाणी जा, मिनिटाला शंभर मिलिमीटर वेगाने. या भाषेत एकही विशेषण नाही. मला ती आवडली.

पण हे यंत्र आंधळे आहे, हे लक्षात ठेवा. आपण दाखवलेल्या शून्यापासून ते पावले मोजत जाते. मध्येच कटर अडकून चार पावले हुकली, तर त्याला कळत नाही. ते त्याच आत्मविश्वासाने पुढचे सगळे चुकीच्या जागी कापते. वीज गेली की तर आपण कुठे उभे आहोत हेच ते विसरते. आपल्या भागात हे किती वेळा होते, ते मी सांगायला नको. म्हणून भाचा जॉबच्या कोपऱ्यावर शून्याची खूण जपून ठेवतो.

आता टाइपरायटर. देशातल्या शेवटच्या कारखान्याने २००९ साली टाइपरायटर करणे थांबवले. त्यानंतर सुटे भाग मिळायचे ते भंगारातून. माझ्या यंत्रात ओळ पुढे सरकवणारी एक पोलादी पट्टी तुटली. लांबी चार सेंटिमीटर, दोन छिद्रे, मध्ये एक खाच. बाकी यंत्र ठणठणीत, पण एका ओळीवर दुसरी ओळ बसू लागली. एका दुकानदाराने सांगितले, "किलोच्या भावाने घालून टाका." तीस वर्षे ज्याच्यावर लिहिले, ते किलोच्या भावाने!

भाच्याने व्हर्निअर काढला. मी त्याला तुटकी पट्टी दिली आणि म्हटले, हिची हुबेहूब नक्कल कर. तो म्हणाला, "मामू, छिद्र नका मोजू, पिन मोजा." जुने छिद्र घासून लांबट झाले होते. त्याची हुबेहूब नक्कल केली असती, तर झीजसुद्धा नव्या पट्टीत उतरली असती. पट्टी नवी होती तेव्हा कशी होती, हे शोधायचे असते, आणि ते तिच्यात नसून तिच्या शेजाऱ्यांत असते: पिन, बाजूचा दाता, वरचा दांडा. दोन दिवस त्याने फक्त मोजले. मग आराखडा काढून आधी अ‍ॅक्रिलिकमध्ये पट्टी कापली, बसवून पाहिली, एका छिद्राची जागा बदलली, पुन्हा कापली.

पोलाद ही लहान मशीन कापत नाही. तिचा सांगाडा तेवढा ताठ नाही. कटर थरथरतो आणि मोडतो. म्हणून भंडाऱ्याहून तीन मिलिमीटरची पितळी पट्टी आणली. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. तिथल्या पितळेतून टाइपरायटरचा भाग निघावा, याचे मला बरे वाटले. कटर दोन मिलिमीटरचा. एका वेळी ०.२ मिलिमीटर खोल, म्हणजे पंधरा फेऱ्या. पट्टी शेवटी सुटून उडू नये म्हणून कडेला दोन बारीक टाके ठेवलेले. अर्ध्या तासात काम झाले. मात्र गोल कटरला आतला कोपरा कधी काटकोनात काढता येत नाही. दोन मिलिमीटरचा कटर तिथे एक मिलिमीटर त्रिज्येची गोलाई ठेवतोच. ती काढायला कानसच लागली.

हे ऐकून कुणी मशीन घ्यायला निघेल, म्हणून दोन गोष्टी. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि फिरत्या कटरजवळ हातमोजा, ओढणी, सैल बाही नको. हातमोजा हात वाचवत नाही, आत ओढतो. दुसरे, गाडीचे ब्रेक, गॅस, प्रेशर कुकर यांचे भाग घरी करू नयेत. भाचा असली कामे परत पाठवतो, आणि त्यावरून गिऱ्हाईक रागावलेलेही मी पाहिले आहे.

यावर घर चालते का? नाही. घर चालते मोटारी भरण्यावर आणि मोबाइल दुरुस्तीवर. आपल्या तालुक्यातली पुष्कळ मुले चाकणला मोठ्या सीएनसीवर उभी असतात. जॉब लावायचा, दार बंद करायचे, हिरवे बटण दाबायचे, पुन्हा तेच. भाच्याने ते केले आहे. पगार इथल्यापेक्षा बरा होता, हे तो लपवत नाही. पण तो सांगतो, हजारो नग हातातून गेले, आणि तो भाग गाडीत कुठे बसतो हे त्याला कुणी दाखवले नाही. ते मला पगाराइतकेच महत्त्वाचे वाटते. मुलगा गावात राहिला पाहिजे असे माझे म्हणणे नाही. तो चाकणला गेला तरी मोजणे, आराखडा, कापणे, बसवणे ही सगळी वाट त्याने एकदा तरी स्वतः चाललेली असावी. आयटीआयच्या शेवटच्या वर्षात प्रत्येक मुलाला गावातली एक बंद पडलेली वस्तू द्या आणि एक नग करून ती चालू करायला सांगा, खर्च फारसा येणार नाही.

माझ्या पट्टीचे आकडे संगणकात राहिले. काही महिन्यांनी अर्जुनीकडचे एक निवृत्त कारकून तेच मॉडेल घेऊन आले. पहिल्या पट्टीला सहा दिवस लागले होते, ही दुसरी चहा होईपर्यंत झाली. सध्या भाच्याच्या टेबलावर एका नाटक मंडळाची जुनी पायपेटी उघडून ठेवलेली आहे. तिच्या पायट्याची पितळी बिजागरी तुटली आहे. मोजमाप झाले, अ‍ॅक्रिलिकचा नमुना बसला, पितळ यायचे आहे. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो, त्याआधी ती परत द्यायची आहे.