परदेशातील स्वयंपाकघर आणि पाच समिती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सन १८८८ मध्ये अठरा वर्षांचा एक तरुण बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघाला. आईच्या मनात धास्ती होती, की मुलगा तिकडे जाऊन आचार-विचार विसरेल. बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंनी त्याला मद्य, मांस आणि परस्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली, तेव्हा कुठे आईने संमती दिली. तो तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. लंडनमध्ये आरंभीचे दिवस त्यांनी जवळजवळ अर्धपोटी काढले. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह सापडले आणि तेथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक हाती आले. ते वाचल्यावर आपण स्वेच्छेने शाकाहारी झालो, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. तोवर जी प्रतिज्ञा आईसाठी पाळली जात होती, ती त्या दिवसापासून त्यांची स्वतःची झाली.

आज सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागातील अनेक जैन कुटुंबांतील मुले-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया येथे जात आहेत. घरी असताना त्यांच्या वाट्याची शुद्धी दुसरे कोणीतरी सांभाळत असते. पाणी गाळले जाते, धान्य निवडले जाते, सूर्यास्तापूर्वी ताट समोर येते. मुलाला हे सारे आपोआप होते असे वाटते. परदेशातील पहिल्याच आठवड्यात त्याला कळून चुकते, की आपोआप काहीच होत नव्हते. मग दोन वाटा दिसतात. एक, सारे सोडून देणे. दुसरी, ब्रेड आणि तळलेल्या बटाट्यांवर दिवस काढून प्रकृती बिघडवून घेणे. तिसरी वाट आहे आणि ती शास्त्रानेच दाखविली आहे. ती म्हणजे यत्नाचार. मुनींसाठी सांगितलेल्या ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि उत्सर्ग या पाच समिती श्रावकाने आपल्या शक्तीनुसार स्वयंपाकघरात आणल्या, तर परदेशातील बहुतेक अडचणींचे उत्तर त्यांत मिळते.

पहिली ईर्या समिती, म्हणजे पाहून पाऊल टाकणे. प्रवासाच्या तयारीत पहिले पाऊल विमानाच्या तिकिटापाशी पडते. बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांकडे जैन भोजनाची व्हीजेएमएल या संकेताने नोंद करता येते. मात्र ही नोंद प्रवासापूर्वीच करावी लागते, विमानात बसल्यावर मागून उपयोग नसतो. दुसरे पाऊल सामानाचे. युरोपीय संघातील देशांत आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. आईने प्रेमाने दिलेला साजूक तुपाचा डबा किंवा पेढे विमानतळावरच सोडावे लागतात. ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थांची माहिती उतरताना द्यावी लागते आणि ती लपविल्यास मोठा दंड होतो. म्हणून सामानात पदार्थांपेक्षा साधने असावीत. लहान कुकर, तवा, सुरी, पाणी गाळण्याची दोन फडकी आणि झाकणाचा चांगला थर्मास, एवढ्यावर संसार उभा राहतो.

दुसरी भाषा समिती. परदेशातील विद्यार्थ्याला बहुधा चार-पाच जणांसोबत एकच स्वयंपाकघर वापरावे लागते. त्यांतील कोणी मांस शिजवतो, कोणी अंडी. येथे शुद्धीच्या नावाखाली तिरस्कार शिरण्याचा धोका असतो. नाक मुरडणे, दुसऱ्याचे भांडे बोटाच्या टोकाने बाजूला सारणे, यातून धर्माची प्रभावना होत नाही. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा, म्हणजे किळस न बाळगणे, हेही एक अंग आहे, याचा विसर पडू नये. पहिल्याच दिवशी हसतमुखाने आणि स्पष्टपणे बोलावे. ‘ही दोन भांडी, ही सुरी आणि हा बोर्ड माझ्या व्रताचा आहे, तेवढा वेगळा राहू द्यावा,’ एवढे सांगितले तर सुसंस्कृत माणूस सहसा नाही म्हणत नाही.

आरोग्याची एक गोष्टही याच संभाषणात सांगता येते. कच्ची कोंबडी सिंकमध्ये धुऊ नये, असे ब्रिटनचे आरोग्य खाते तेथील नागरिकांनाच सांगते. कारण पाण्याच्या तुषारांबरोबर कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू आजूबाजूच्या भांड्यांवर आणि ओट्यावर पसरतात. म्हणजे मांसाला न शिवणाऱ्याच्या कोशिंबिरीतही ते जंतू पोहोचू शकतात. फ्रिजमध्ये कच्चे मांस बंद डब्यात आणि सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, हाही तेथील सर्वमान्य नियम आहे. जैन विद्यार्थ्याने वरचा कप्पा मागून घ्यावा. ही मागणी धर्माची आहे तशीच सर्वांच्या प्रकृतीची आहे, हे कळले की ती मान्य होते.

तिसरी एषणा समिती, म्हणजे अन्नाची चौकशी. भारतात पाकिटावर हिरवा ठिपका पाहण्याची सवय लागली आहे. बहुतेक देशांत अशी सक्तीची खूण नाही. शिवाय तेथे शाकाहारी म्हणून मिळणाऱ्या पदार्थांत अंडे असू शकते. व्हीगन असे लिहिलेल्या पदार्थांत दूध, अंडी, मध काहीच नसते, पण कांदा, लसूण, बटाटा मात्र असू शकतो. म्हणून वेष्टनावरील घटकांची यादी प्रत्येक वेळी वाचावी. जिलेटिन हे जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते. ते गोळ्या, मार्शमेलो आणि काही दह्यांतही असते. अनेक प्रकारच्या चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट वापरतात. पार्मिजानो रेज्जानो या प्रसिद्ध इटालियन चीजला तर ते अनिवार्यच आहे. ई १२० हा लाल रंग कोचिनील किड्यांपासून मिळतो, ई ९०४ म्हणजे लाखेच्या किड्यांपासूनचा लेप. ई ४७१ वनस्पतीपासूनही येतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. नुसत्या क्रमांकावरून ते समजत नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात काही दुकानांत बटाट्याचे काप गोमांसाच्या चरबीत तळतात. पदार्थ साधा दिसला तरी तो कशात तळला, हे विचारण्यात संकोच नसावा. गांधीजींनाही केक आणि पुडिंगमध्ये अंडे आहे का, हे विचारीतच जावे लागले होते.

एषणेतच वेळेचा विवेक येतो. लंडनमध्ये डिसेंबरच्या मध्यास सूर्य दुपारी ३.५० च्या सुमारास मावळतो, तर जूनच्या अखेरीस रात्री ९.२० च्या सुमारास. हिवाळ्यात ज्याला रात्रिभोजनाचा त्याग पाळायचा आहे, त्याने सायंकाळचा डबा सकाळीच बरोबर नेला पाहिजे. थर्मास आधी उकळत्या पाण्याने भरून काही मिनिटे तापवावा, मग पाणी ओतून त्यात वाफाळती खिचडी भरावी. गरम अन्न ६३ अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे, असा ब्रिटनमध्ये उपाहारगृहांसाठी नियम आहे. डबाही त्या उष्णतेच्या जितका जवळ राहील तितका चांगला, आणि तो दुपारीच संपवावा.

चौथी आदान-निक्षेपण समिती, म्हणजे वस्तू पाहून उचलणे आणि पाहून ठेवणे. परदेशात फ्रिजवर फार विश्वास टाकला जातो. रविवारी शिजवावे आणि शुक्रवारपर्यंत खावे, अशी अनेकांची रीत होऊन बसते. परंतु थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते एवढेच. लिस्टेरियासारखे काही जंतू तर फ्रिजमध्येही वाढतात. भातात बॅसिलस सिरियस या जंतूंची बीजे शिजविल्यानंतरही टिकून राहतात. भात बाहेर उघडा राहिला तर त्यात विष तयार होते आणि पुन्हा गरम केल्याने ते नाहीसे होत नाही. म्हणून उरलेला भात शक्यतो तासाभरात थंड करून फ्रिजमध्ये ठेवावा, २४ तासांच्या आत संपवावा आणि एकदाच गरम करावा, अशी ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेची सूचना आहे.

जैन परंपरेत भाताची मर्यादा दोन प्रहर, म्हणजे सहा तास मानतात. पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवसांची, तर गाळलेल्या पाण्याची ४८ मिनिटांची. या दोन्ही नियमांचा हेतू एक नाही. परंपरेचा हेतू जीवरक्षेचा, तर आरोग्यशास्त्राचा हेतू खाणाऱ्याच्या प्रकृतीचा. पण दोन्ही एकच सवय लावतात, ती म्हणजे अन्न केव्हा तयार झाले हे लक्षात ठेवण्याची. ज्याला पूर्ण मर्यादा पाळणे शक्य आहे, त्याने एका वेळेपुरतेच शिजवावे. मुगाची खिचडी कुकरमध्ये अर्ध्या तासाच्या आत होते. ज्याला ते रोज शक्य नाही, त्याने निदान आरोग्याची सीमा तरी ओलांडू नये. डब्यावर तारीख लिहिण्याची साधी सवयही फार उपयोगी पडते.

पाणी गाळण्याचे फडके वापरानंतर धुऊन पूर्ण वाळवावे; ओलसर फडके आणि भांडी घासण्याचा ओला स्पंज ही जंतूंची घरेच असतात. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी नळाचे थंड पाणीच घ्यावे. गरम पाण्यात जुन्या नळांतील शिसे अधिक विरघळते, म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचाही हाच सल्ला आहे.

पाचवी उत्सर्ग समिती, म्हणजे टाकाऊ वस्तूंचा विवेक. झाकण नसलेल्या कचरापेटीत उष्टे साठले, की माश्या आणि झुरळे येतात, आणि मग घरमालक कीटकनाशक फवारतो. ही हिंसा फवारणाऱ्याच्या हाताने झाली, तरी तिचे कारण आदल्या रात्री न उचललेला कचरा असतो. स्वस्त पडते म्हणून मोठमोठ्या पोत्यांनी आटा आणि डाळी आणल्या, की त्यांत किडे पडतात. एकट्या माणसाने महिन्यापेक्षा कमी पुरेल एवढेच धान्य घ्यावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पानात काही न टाकण्याची घरची शिस्त येथे दुप्पट मोलाची ठरते. तेथील स्नानगृहांत जमिनीवरचे पाणी वाहून जाण्याची सोय बहुधा नसते, म्हणून बादलीने मोकळे स्नान करता येत नाही. ओल राहिली की बुरशी धरते. शौचालयात कागद असतो, पाण्याची सोय क्वचित. लहान तांब्या किंवा बाटली जवळ ठेवून हा प्रश्न सुटतो. मात्र त्यानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने निदान २० सेकंद हात धुणे, हे कोणत्याही सोवळ्याचे पहिले अंग समजावे.

या पाचही समितींत अवघड असे काही नाही. पण यातले काहीही मुंबईच्या विमानतळावर शिकविता येत नाही. मुलाला पासपोर्ट मिळण्यापूर्वी त्याला खिचडी, पोळी आणि दोन भाज्या करता आल्या पाहिजेत. मुलीला शिकवायचे आणि मुलाला वाढायचे, ही जुनी विभागणी आता परवडणारी नाही. पाठशाळेत प्रतिक्रमण आणि स्तोत्रे शिकविताना वर्षातून एखादा रविवार स्वयंपाकघरासाठी राखावा. पाकिटे आणून त्यांवरील यादी मुलांकडून वाचून घ्यावी, पाणी गाळून दाखवावे, फडके वाळत घालण्यापर्यंत सारे त्यांच्या हातून करवून घ्यावे. त्यामागचे कारणही सांगावे. कारण कारण न कळलेला नियम पहिल्याच हिवाळ्यात सुटतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त या वास्तूत अनेक उपक्रम होतील. त्यांत हा एक साधा वर्ग यंदाच्या चातुर्मासापासून सुरू व्हावा, एवढी विनंती विश्वस्तांच्या आणि पालकांच्या चरणी आहे.

जय जिनेंद्र.