कॅमेरा अधिक रेकॉर्डर, यात नवीन काय?

मंडळी, गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका ज्युनिअरची पेटंटची आयडिया मी ‘हे तर कुणालाही सुचेल’ म्हणत उडवली. मग कॅमकॉर्डर आठवला. कॅमेरा होता, व्हीसीआर होता, जोडा की! अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २००७ च्या केएसआर खटल्यात तेच म्हटलं: ओळखीचे भाग जोडून अपेक्षित तेच मिळालं, तर शोध बहुधा उघडच.

पण १९८३ चा सोनीचा बीटामूव्ही फक्त रेकॉर्ड करायचा, परत दाखवायचा नाही! १९८४ मध्ये जेव्हीसीनं व्हीएचएसचा हेड फिरवणारा ड्रम ६२ मिलिमीटरवरून ४१ वर आणला, टेपचा वेढा अर्ध्याचा पाऊण केला, हेड दोनाचे चार. आणि अडॅप्टरात घातली की कॅसेट घरच्या व्हीसीआरवर चालायची. जोडायचं कुणालाही सुचलं असतं; हा ड्रम नाही.

त्या पोराला मी विचारलंच नव्हतं, तुझा ड्रम कुठला? उद्या विचारतो.