नवव्या कप्प्यातील कागद



ज्या संस्थेने शंभर वर्षे लिखित शब्दाची राखण केली, तिच्या शताब्दीच्या प्रसंगी एका लहानशा कागदाची हकीकत सांगणे अप्रस्तुत ठरू नये. हा कागद कोणत्याही ग्रंथातला नव्हे. तो समुद्राच्या तळाशी, बुडालेल्या पाणबुडीत सापडला.

१२ ऑगस्ट २००० रोजी रशियाच्या उत्तरेकडील नौदलाच्या कवायती बॅरेंट्स समुद्रात चालू होत्या. 'कुर्स्क' ही १५४ मीटर लांबीची, अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी त्यांत सरावाचा टॉर्पेडो सोडणार होती. सकाळी ११ वाजून २८ मिनिटांनी तिच्या पुढच्या भागात स्फोट झाला. सव्वादोन मिनिटांनी दुसरा झाला, तो पहिल्याहून कितीतरी पटींनी प्रचंड. नॉर्वेतील भूकंपमापकांनी त्याची नोंद घेतली. पाणबुडी १०८ मीटर खोल तळाशी जाऊन पडली. आत ११८ माणसे होती.

टॉर्पेडोतील हायड्रोजन पेरॉक्साइड गळून पहिला स्फोट झाला आणि त्या आगीने इतर टॉर्पेडो पेटले, असा अधिकृत चौकशीचा निष्कर्ष आहे. या द्रव्याचा धोका अज्ञात नव्हता. १९५५ साली इंग्लंडमधील पोर्टलंड बंदरात 'सिडन' या पाणबुडीवर अशाच टॉर्पेडोच्या स्फोटात १३ जण दगावले होते. त्यानंतर ब्रिटिश नौदलाने ते टॉर्पेडो वर्ज्य केले. एकाने प्राण देऊन घेतलेला धडा दुसऱ्याच्या उपयोगी पडला नाही.

पुढचे कप्पे क्षणार्धात उद्ध्वस्त झाले. परंतु शेपटाकडील कप्प्यांतले २३ जण वाचले आणि नवव्या कप्प्यात एकत्र आले. त्यांत दिमित्री कोलेस्निकोव्ह हा २७ वर्षांचा अधिकारी होता. दुपारी सव्वा वाजता त्याने कागदावर वेळ घातली, किती जण जमले ते लिहिले, सोबत्यांची नावे नोंदवली. पत्नीचा निरोप घेतला. पुढे दिवे गेले, तेव्हा अंधारात चाचपडत लिहीत असल्याचेही त्याने लिहून ठेवले. आक्रोश नाही, आरोप नाही. वेळ, संख्या, नावे आणि निरोप, एवढेच.

वर मात्र शब्दांचा निराळाच व्यवहार चालला होता. परकीय पाणबुडीची धडक बसली असावी, असे सुचवले जात होते. परकीयांची मदत स्वीकारण्यास चार दिवस गेले. २१ ऑगस्टला नॉर्वेच्या पाणबुड्यांनी सुटकेचे दार उघडले, तेव्हा नववा कप्पा पाण्याने भरलेला होता. ते २३ जण त्याआधीच, बहुधा पहिल्याच दिवशी, प्राणवायूच्या उपकरणातून भडकलेल्या आगीने गेले होते. म्हणजे विलंब झाला नसता तर ते वाचलेच असते, असे म्हणता येत नाही. पण खिडकीपाशी बसलेल्या आयाबायांना खरी बातमी वेळेवर मिळण्याचा हक्क होता. तो विलंबाने हिरावून घेतला.

ऑक्टोबरमध्ये कोलेस्निकोव्हच्या देहाजवळ तो कागद मिळाला. स्फोटानंतर कोणीही जिवंत राहिले नसावे, ही समजूत त्या चार ओळींनी खोटी ठरवली. पुढे २००१ साली पाणबुडी वर काढण्यात आली, २००२ साली चौकशी पुरी झाली.

श्रोतेहो, सत्तेचे निवेदन आणि मरणाऱ्याची नोंद यांतले विश्वसनीय कोणते, हे काळ ठरवतो; मात्र त्यासाठी नोंद जपलेली असावी लागते. ग्रंथालयाच्या कपाटातील प्रत्येक जीर्ण पान अशाच कोणीतरी, पुढच्या वाचकावर भरवसा ठेवून, लिहिलेले असते. तो भरवसा सांभाळणे हेच या वास्तूचे पुढील शंभर वर्षांचे काम होय.