दवाखान्यात न आलेल्या बायका

बायकांचे आजार मोजायचे तर दवाखान्यातल्या नोंदी चाळाव्यात, असं कुणालाही वाटेल. पण ज्या तिथवर पोचतच नाहीत, त्यांचं काय? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत तपासणीच नेली. त्रास असो वा नसो, बोलावणं सगळ्यांना. 650 स्त्रियांची तपासणी झाली. 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता. आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के!

मोजणीतून कोण सुटलं, हा संशोधकाचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न संमतीचा; तो अधिक अवघड, कारण विषय लाजेचा. अंगठा उमटवून घेतला म्हणजे संमती मिळाली, असं मानणं मला तरी पटत नाही. तपासणी कशासाठी, कोण करणार, नको म्हटलं तर चालेल का, हे बाईला तिच्या बोलीत कळायला हवं. गाव लहान असतं. नाव गाळलं तरी वय आणि लेकरांच्या संख्येवरून माणूस ओळखू येतं, तेव्हा लिहितानाही जपायचं. आणि आजार सापडला, तर औषधोपचाराची सोय तपासणीआधीच झालेली हवी.