दिगबोईची तेलविहीर



भारतांतील खनिज तेलाचा विषय निघाला कीं आसामांतल्या दिगबोईची आख्यायिका हटकून सांगण्यांत येते. लोहमार्गासाठीं लाकडें ओढणारा एक हत्ती जंगलांतून परतला, तों त्याचे पाय तेलानें माखलेले. त्या पावलांचा माग काढीत इंजिनिअर लेक साहेब तेलापाशीं पोंचले. आणि "डिग बॉय, डिग", म्हणजे "खण, पोरा, खण", असें ते मजुरास ओरडून सांगत, त्यावरून गांवास दिगबोई नांव पडलें. कथा गोड आहे. परंतु दिहिंग, दिबांग, दिसांग अशा नद्यांच्या या मुलुखांत 'दि' हा शब्द पाण्याचा वाचक आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे इंग्रजी व्युत्पत्तीवर भिस्त ठेववत नाहीं.

शिवाय, तेथील तेलाचा पत्ता प्रथम हत्तीनें दिला असेंही नाहीं. १८२५ च्या सुमारासच बुढीदिहिंग नदीच्या कांठीं जमिनींतून झिरपणाऱ्या तेलाची नोंद लष्करी अधिकाऱ्यांनीं केली होती. अमेरिकेंत ड्रेक यानें १८५९ सालीं तेलविहीर खणली. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनीं, २६ मार्च १८६७ रोजीं, आसामांत माकुमजवळ गुडइनफ यांच्या विहिरीस ११८ फुटांवर तेल लागलें. मग तें लोकांच्या उपयोगीं कां पडलें नाहीं? हा प्रश्न मी वर्गांत मुलांस घालीत असें. भोंवतीं निबिड अरण्य, मुसळधार पाऊस, हिवताप. आणि मालाची नेआण करण्यास आगगाडी नाहीं. विहिरींत तेल असून दिव्यांत तेल नाहीं, अशी ती स्थिति होती.

१८८१ सालीं आसाम रेल्वेज अँड ट्रेडिंग कंपनी स्थापन झाली. चहा व कोळसा वाहून नेण्यासाठीं तिनें दिब्रुगडहून मार्घेरिटाकडे रूळ घातले, आणि रुळांमागून तेलाचा उद्योग आला. दिगबोईची पहिली विहीर सप्टेंबर १८८९ मध्यें सुरू होऊन नोव्हेंबर १८९० मध्यें ६६२ फुटांवर पुरी झाली. १८९९ सालीं आसाम ऑइल कंपनी निघाली. १९०१ सालीं तेथेंच तेलशुद्धीचा कारखाना उभा राहिला. १९२१ सालीं कारभार बर्मा ऑइल कंपनीकडे गेला. १९८१ सालीं कारखाना सरकारी मालकीच्या इंडियन ऑइलकडे आला, आणि तो आजही चालू आहे.

या इतिहासांत कंपन्यांचीं व साहेबांचीं नांवें जागोजाग आढळतात. विहिरी खणणाऱ्या मजुरांचीं क्वचितच. १९३९ सालीं दिगबोईच्या कामगारांनीं मोठा संप पुकारला, तेव्हां गोळीबारांत तिघांचे प्राण गेले. कांहीं महिन्यांतच महायुद्ध पेटलें, आणि युद्धकाळांत येथील उत्पादन दिवसास सुमारें ७,००० पिंपांपर्यंत वाढविण्यांत आलें. तें तेल काढणारे हात अशाच मजुरांचे होते.

आख्यायिकेंतील खणणाऱ्या पोरास नांव नाहीं, आणि तेवढ्यापुरती ती खरी आहे. पहिल्या विहिरीपाशीं आज तेलाचें संग्रहालय आहे. तेथें जाणाऱ्यानें हत्तीची गोष्ट जरूर ऐकावी. पण रूळ कोणीं घातले, विहीर कोणाच्या श्रमानें खणली गेली, हेंही विचारावें.