शिकणाऱ्या मुलीचे घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. चारजणींसमोर उभे राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ. मंडळाने मला मुलींच्या शिक्षणाविषयी बोलावयास सांगितले आहे. मोठे विचार मला सांगता यायचे नाहीत, म्हणून घरातलेच सांगते.

माझी मुलगी इथेच शहाद्यास बी.ए.ला आहे. गेल्या वर्षी तिने सहा महिन्यांचा रुग्णसेवेचा वर्गही लावला. सकाळी कॉलेज, दुपारी वर्ग, आणि आठवड्यातून दोन दिवस रात्री आठपर्यंत दवाखान्यात काम. "दोन दगडांवर पाय ठेवशील तर पडशील," असे मी तिला येता जाता बोलत असे. पण घरातले एकही काम मी तिच्यावरून कमी केले नव्हते. संध्याकाळच्या भाकऱ्या तिच्या, भांडी तिची, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचे करणेही तिचेच.

एके रात्री शेगडीपुढे तिचा डोळा लागला आणि भाकरी करपली. मी रागावले. ती शांतपणे म्हणाली, "आई, उद्यापासून मी कॉलेज सोडते." ती रडली नाही. मला मात्र झोप आली नाही. सातवीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळायला मलाही असेच घरी बसवले होते, आणि तेव्हा मीही रडले नव्हते.

भगिनींनो, रमाबाई रानडे यांचे नाव आपण सर्वजणी जाणतो. त्यांचे लग्न अकराव्या वर्षी झाले व त्या सासरी शिकल्या. घरातल्या बायकांची किती बोलणी त्यांना सोसावी लागली, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्याच रमाबाईंनी पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभारण्यात पुढाकार घेतला, आणि तिथल्या बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचे काम शिकू लागल्या. त्यांत विधवाही होत्या. मला वाटले, बोलणी देणाऱ्या बायका तेव्हा होत्या, आणि आज माझ्या घरी ती मीच आहे!

दुसऱ्या दिवशी कामे वाटली. भांडी मुलाकडे, आजोबांचे अंथरूण यांच्याकडे, भाकऱ्या माझ्याकडे. मुलाने आठ दिवस तोंड फुगवले, मग सवय झाली. भाकऱ्या झाल्या की मी तिची वही हाती घेऊन प्रश्न विचारी. त्यात मीच शिकले. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, चादरीला सुरकुती राहू देऊ नये, नाही तर पाठीला जखमा होतात. मामंजींच्या पाठीवरची लाली मी आता रोज पाहते.

सगळे गोड झाले असे नाही. वर्ग पुरा झाला, पण कॉलेजच्या एका विषयात ती नापास झाली. तो पेपर ती पुन्हा देणार आहे.

शेजारणींना दोन गोष्टी सांगते. अशा लहान वर्गाने मुलगी रुग्णाची मदतनीस होते, परिचारिका होत नाही. ए.एन.एम.साठी बारावी पास लागते. तो दोन वर्षांचा व पूर्ण दिवसाचा अभ्यास आहे, त्याबरोबर रोजचे कॉलेज जमत नाही. पदवी मागाहून घेता येते. घरी अभ्यास करून ती घेण्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. पैसे भरण्याआधी वर्गाच्या वेळा, दवाखान्यातले दिवस आणि मान्यता कोणाची, हे विचारून घ्यावे. ए.एन.एम. असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही ते पाहावे.

मुलीला दोन्ही जमेल का, असे आपण तिलाच विचारतो. आधी घराला विचारावे, असे मला वाटते. चुकले असेल तर सांभाळून घ्यावे.