परवान्याचा कागद मुलीच्या हातात
(कळस, ता. इंदापूर येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आपल्या इंदापूर-बारामतीकडच्या मुली आता पुण्याला शिकून थांबत नाहीत. काहीजणी अमेरिकेला, जर्मनीला निघतात. कर्ज बाप काढतो, कागदपत्रे भाऊ नाहीतर एजंट सांभाळतो. मुलीला विचारावे तर म्हणते, "दादाला माहीत आहे, ताई." दादाला माहीत असून भागत नाही, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मी एम.एस.डब्ल्यू. करताना फिल्डवर्कला जायला सरकारी परवाना लागला नाही. परदेशी विद्यार्थिनीचे तसे नसते. काम अभ्यासक्रमाचा भाग असले तरी त्याला नियम आहेत. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर असे काम करायला साधारणपणे आधी एक शैक्षणिक वर्ष पुरे व्हावे लागते. मग विद्यापीठातला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी आय-२० या कागदावर मंजुरी नोंदवतो. तीत कंपनीचे नाव आणि तारखा असतात. त्या तारखेच्या एक दिवस आधी काम सुरू केले तरी नियमभंग! असे पूर्णवेळ काम १२ महिने केले, तर त्या पदवीवर पुढे मिळणारी 'ओपीटी' ही कामाची परवानगी हातची जाते. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप त्यात धरत नाहीत.

हे बायकांच्या मेळाव्यात कशाला? तर अमेरिकेतली ही मंजुरी एका कंपनीपुरती असते, म्हणून. तिथला साहेब अंगचटीला आला, पगार बुडवू लागला, आणि "बोललीस तर परत पाठवीन" म्हणाला, तर मुलीला ते खरे वाटते. ती गप्प बसते. पण तिचा विद्यार्थी व्हिसा त्या साहेबाच्या खिशात नसतो. तो तिच्या शिक्षणावर उभा असतो. मात्र काम सोडण्याआधी तिने विद्यापीठातल्या त्या अधिकाऱ्याला भेटावे. कारण कामाचे क्रेडिट गेले आणि पूर्णवेळ शिक्षण मोडले, तर व्हिसा अडचणीत येतो. दुसरीकडे जायचे तर नवी मंजुरी आधी, काम मागून.

सातबाऱ्यावर आपले नाव लागावे म्हणून आपण तलाठ्याकडे खेटे घालतो. कारण कागद ज्याच्या हाती, त्याचा शब्द चालतो, हे आपण सोसून शिकलो आहोत. परदेशी निघालेल्या लेकीलाही तेच शिकवू या. तिला तीन प्रश्न विचारा: मंजुरी कोण देतो? कोणत्या तारखेपासून? अडचण आली तर कोणाकडे जायचे? उत्तरे तिची तिला देता आली पाहिजेत. मगच तिकीट काढा.